‘दिला’ म्हटलं की दिला

आमच्या सोसायटीत धूर आल्याची वर्दी आधी फोनला मिळते, मग नाकाला. परवा सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या अरोराबाईंनी विचारलं, "आज कितना है?" मी म्हटलं, "खिड़की खोलके देख लीजिए." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नव्हता, पण त्यांना हवेच्या प्रदूषणाचा आकडा हवा होता. चारशेच्या पुढे आहे असं फोनवर वाचल्यावर त्या लिफ्टमध्येच खोकल्या.

गुरुग्राममध्ये दिवाळीचे दिवे उतरवायच्या आत हा मोसम येऊन बसतो. जळक्या पेंढ्याचा वास, डिझेलचा वास, आणि त्या दोन्हींतून वाट काढत येणारा सप्तपर्णीच्या फुलांचा डोकं उठवणारा गोड वास. लहानपणी सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो, तेव्हा हाच वास आला की आई रजया उन्हात टाकायची. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे दिल्लीच्या थंडीचं आम्हाला कोण कौतुक! शेंगदाणे, तिळाची गजक, उकडलेले शिंगाडे. तेव्हा धुकं हे धुकंच होतं. आता त्या फुलांचा वास आला की मला एका माणसाचे ओठ आठवतात. निळे पडलेले.

त्या माणसाचं नाव यादवजी. आणि ज्या जागेत त्यांचे ओठ निळे पडले, ती जागा माणसांना कसं वाचवायचं हे शिकवायची जागा होती. हसू नका. मीही तिथे चार हिवाळे काढले आहेत.

डॉक्टर आणि नर्सेसना खोट्या पेशंटवर खरी कामं शिकवायची, असं ते केंद्र. खोटा पेशंट म्हणजे रबराचा पुतळा. तो श्वास घेतो, डोळे मिटतो, कण्हतो. शेजारच्या मॉनिटरवर त्याची नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन असे आकडे दिसतात. हे सगळं त्याच्याकडून करून घेणारी बाई काचेमागे कॉम्प्युटरसमोर बसलेली असते. ती मी. सरकारी रुग्णालयातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाले, आणि घरात बसवेना म्हणून तिथे गेले. पुतळा बोलायचा तोही माझ्याच आवाजात, कारण माइक माझ्यापुढे आणि स्पीकर त्याच्या छातीत. मिशीवाला पुतळा बाईच्या आवाजात "सीने में दर्द है" म्हणायचा, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

कल्पना वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. आम्ही शिकलो ते खऱ्या माणसांच्या दंडांवर. आमच्या चुका त्यांच्या अंगावर काळ्यानिळ्या उमटल्या. कुणी आधी रबरावर चुकून घेत असेल तर सोन्याहून पिवळं. माझा राग पुतळ्यावर नव्हताच. त्या इमारतीत सगळ्यांत प्रामाणिक तोच होता. जे नाही ते आहे असं त्याने स्वतःहून कधी सांगितलं नाही.

राग चालवणाऱ्यांवर. संचालक खुराना सर. एके काळी सर्जन होते म्हणे. सुटावर पांढरा कोट घालायचे, कोटावर निळ्या दोऱ्याने नाव भरलेलं, आणि त्या कोटाला कधी डाग पडलेला मी पाहिला नाही. पुतळ्याला ते 'मिस्टर शर्मा' म्हणत आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत. खऱ्या माणसाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवलेला मला आठवत नाही. दुसरी मोनिका, ऑपरेशन्स हेड. तिला रक्त पाहिलं की चक्कर यायची, हे ती स्वतःच कौतुकाने सांगायची. प्रत्येक बॅच संपली की ती फॉर्म वाटायची आणि त्यावर हसरे चेहरे किती आले ते बघायची. रडका चेहरा आला की आमची मीटिंग. आणि तिसरा तुषार, आपल्या पुण्याचा, तिशीतला डॉक्टर. हुशार पोरगा. पण कोर्स शिकवण्याचे कोर्स करता करता त्याने स्टेथोस्कोप गळ्यात ठेवला तो तिथेच राहिला, कानांपर्यंत काही गेला नाही.

"काकू, तुम्ही फार सीरियस होता यार," तो मला म्हणायचा. "इथे कोणी मरत नाही."

ते मात्र खरं. पुतळा मरू द्यायचा नाही असा नियमच होता. केस कितीही बिघडली तरी शेवटी मी ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णववर नेऊन ठेवायचा, म्हणजे शिकायला आलेल्या नर्स मुली खूश होऊन बाहेर पडतात आणि हसऱ्या चेहऱ्यावर टिक करतात. याला मोनिका 'पॉझिटिव्ह क्लोजर' म्हणायची. केस संपल्यावर तो अठ्ठ्याण्णव तसाच पडद्यावर झळकत राहायचा, पाहुणे आले तर बरं दिसतं म्हणून.

पण माझ्या मते सगळ्यांत नासका नियम दुसराच होता. सुरुवातीला बॅचमधल्या मुली खरोखर मास्क लावायच्या, नळी जोडायच्या, सिलिंडरची चावी फिरवायच्या. त्यात वेळ जायचा. मग ठरलं की सगळं करत बसायची गरज नाही, मोठ्याने बोला. "ऑक्सिजन दिला, दहा लीटर." बोललं की मी काचेमागून आकडा चढवायचा. "सलाइन लावलं" म्हटलं की रक्तदाब वर. "इंजेक्शन दिलं" म्हटलं की नाडी जाग्यावर. आपल्याकडे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात. इथे त्या भाताचं सर्टिफिकेट मिळायचं.

पहिल्या आठवड्यात मी आकडा चढवला नाही. एका मुलीने "ऑक्सिजन दिया" म्हटलं आणि ती हात बांधून उभी राहिली. मी आकडा तिथेच ठेवला. ती पुन्हा म्हणाली, जरा जोरात. तिसऱ्यांदा ओरडलीच. शेवटी खुराना सर काचेमागे आले.

"सिस्टर, उसने बोल दिया ना."

"बोला सर. दिया नहीं."

"इंटेंट तो था ना? आगे बढ़िए."

मी पुढे गेले. त्या दिवशी आकडा चढवला तो चार वर्षं चढवत राहिले. पेन्शनवर माझं नीट चाललं होतं, त्यामुळे पोटासाठी केलं असंही म्हणता येत नाही. खुर्ची मऊ होती, कॉफी चांगली होती, लोक 'मॅम' म्हणायचे. वॉर्डात तीस वर्षं कुणी 'मॅम' म्हटलं नव्हतं. माणूस इतक्या स्वस्तात जातो, हे मला स्वतःवरून कळलं. भिंतीला साखळीने बांधलेला ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्यासमोर रिकामा झाला आणि रिकामाच राहिला, कारण त्याची चावी कुणी फिरवतच नव्हतं. मी दोनदा म्हटलं, भरून घ्या. मोनिका म्हणाली, "मॅम, ट्रेनिंग सेंटर है, हॉस्पिटल थोड़ी है." तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

यादवजी गेटवर गार्ड होते. पूर्व उत्तर प्रदेशातले, पन्नाशीचे, सडपातळ. थंडीत त्यांची छाती भरून यायची. बोलताना मधेच थांबायचे, दरवाज्याच्या दांड्याला धरून दोन श्वास घ्यायचे, मग वाक्य पुरं करायचे. ते दम्याचा, तोंडाने ओढायचा पंप वापरत. सकाळी मी गाडीतून उतरले की त्यांच्याकडे बघून विचारायची, "पंप लिया?" ते हसून शर्टाचा खिसा थोपटायचे. एवढीच आमची ओळख, पण रोजची.

मग मोनिकाने एकदा त्यांना पंप ओढताना पाहिलं. पाहुण्यांसमोर गार्ड दमेकरी दिसणं बरं नाही, इम्प्रेशन जातं, म्हणून पंप गेटच्या केबिनमध्ये, खणात ठेवायचा असं ठरलं. तोंडाला मास्कही नको, गार्डने प्रसन्न दिसावं. श्वासाचे आजार शिकवणाऱ्या केंद्राच्या गेटवर धुरात एक दमेकरी माणूस प्रसन्न उभा, हे दृश्य मी दोन आठवडे येता-जाता पाहिलं. आणि आत जाऊन कॉफी घेतली.

तो दिवस नोव्हेंबरातला. डोळे चुरचुरत होते, दुपारी बारालाही गाड्यांचे दिवे लागलेले. शाळा बंद, बांधकामं बंद, पण आमचा मोसम ऐन भरात, कारण थंडीतच सगळ्या इस्पितळांना ट्रेनिंग आठवतं. त्यात कुठल्याशा मोठ्या संस्थेची माणसं केंद्राला मान्यता द्यायची की नाही ते बघायला आली होती. यादवजी सकाळी सातपासून गेटवर, नवा टाय गळ्याशी आवळून. पाहुणे वर जेवायला गेले आणि यादवजी रिसेप्शनच्या पायरीवर बसले ते आडवेच झाले.

त्यांना उचलून एक नंबरच्या खोलीत आणलं. पलंग तिथेच होता ना. मिस्टर शर्मांना ट्रॉलीवर सरकवून कोपऱ्यात ढकललं आणि यादवजींना त्यांच्या जागी उताणं झोपवलं. खुराना सर आले, तुषार आला, आणखी दोन शिक्षक आले. त्या दिवशीच्या बॅचमधल्या दहा-बारा मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी वह्या काढल्या. मी काचेमागे, माझ्या खुर्चीत.

मग ते सुरू झालं. किती शिस्तीत, काय सांगू! तुषार पायाशी उभा राहून म्हणाला, "मैं टीम लीडर." खुराना सर डोक्याशी. "एयरवे क्लियर," एक म्हणाला. "ऑक्सिजन दिया, दस लीटर," दुसरा म्हणाला. "नेब्युलाइजर स्टार्टेड." "लाइन ली," म्हणजे शिरेत सुई घातली. प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य परत म्हणत होता, नियमाप्रमाणे, ऐकल्याची पोच म्हणून. कुणाचाही हात हलत नव्हता. सगळे बोलत होते आणि मॉनिटरकडे बघत होते. मॉनिटरवर सकाळच्या केसचा अठ्ठ्याण्णव होता. पुतळ्याचा.

आणि आता सांगते ते मी आजवर दोनदाच सांगितलंय. "ऑक्सिजन दिया" हे शब्द कानावर पडले आणि माझं बोट आपोआप चाललं. मी अठ्ठ्याण्णवचे नव्याण्णव केले.

"रिस्पॉन्ड कर रहा है," खुराना सर म्हणाले. "गुड, गुड. वेल डन, टीम."

तेव्हा मी पडद्यावरून नजर काढून माणसाकडे पाहिलं. ओठ निळे, मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, पोट आत ओढलं जातंय. अशा माणसाला उताणं झोपवत नाहीत, हे वॉर्डातल्या आयासुद्धा जाणतात. मी माइक ओढला आणि ओरडले, "उनको बिठाओ! मॉनिटर लगा नहीं है!"

माझा आवाज कोपऱ्यातल्या पुतळ्याच्या छातीतून आला. तुषार वळला. पुतळ्याच्या हातावर हात ठेवून, शिकवल्याप्रमाणे त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "घबराइए मत, हम आपके साथ हैं." आणि परत मॉनिटरकडे बघायला लागला.

काचेवर मुठी आपटल्या. काच जाड, आणि त्यांच्या बाजूने ती आरसा. माझ्या खोलीचं दार मागच्या बोळात उघडायचं, तिथून वळसा घालून एक नंबरला जायला मिनिटभर तरी लागणार. तेवढ्यात मला सुचलं ते एकच. मी आकडा खाली ओढला. नव्याण्णववरून सरळ बहात्तर. मॉनिटर बोंबलायला लागला.

आणि काय सांगू, माणसं हलली! माणूस निळा पडला तेव्हा हलली नव्हती, आकडा लाल झाला तशी हलली. मी धावत पोहोचले तोवर एक जण सिलिंडरच्या चावीशी झटत होता. चावी फिरली. आतून काही आलं नाही. खुराना सर त्या सिलिंडरकडे असे बघत होते, जणू त्याने त्यांचा विश्वासघात केला.

मी यादवजींना उठवून बसवलं, टाय सोडला, पुढे टेबलावर ओणवं केलं. "तुषार, गेटच्या केबिनमध्ये खणात पंप आहे. पळ!"

"काकू, पण प्रोटोकॉल..."

"पळ मेल्या!"

पळाला. आयुष्यात पहिल्यांदा पळाला असेल पेशंटसाठी. पंप आला, मी चहाच्या कागदी पेल्याला भोक पाडून तो त्यात खुपसला, पेला यादवजींच्या नाकातोंडावर धरला आणि दाबला. दर खेपेला थोडं थांबून पुन्हा दाबला. वॉर्डात साधन नसलं की आम्ही हेच करायचो. मग मोनिकाच्या गाडीत घालून पलीकडच्या सेक्टरातल्या इस्पितळात नेलं. गाडी चालवताना ती रडत होती, तेवढं मी तिच्या बाजूने लिहून ठेवते. इस्पितळातल्या नर्सने एक शब्द न बोलता ऑक्सिजन लावला. चावी फिरल्याचा आवाज मी ऐकला, आणि तिथल्या बाकावर बसून मला हुंदका आला.

यादवजी वाचले. पाच दिवसांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गोल करून खुर्च्या मांडल्या. प्रत्येक केसनंतर अशी बैठक व्हायची, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: काय चांगलं झालं? एक जण म्हणाला, कम्युनिकेशन. दुसरा म्हणाला, टीमवर्क. खुराना सर म्हणाले, "सबसे बड़ी बात, मॉनिटर ने टाइम पे अलर्ट किया."

"सर, मॉनिटर यादवजी से जुड़ा ही नहीं था," मी म्हटलं. "वो नंबर मैंने गिराया था. उससे पहले बढ़ाया भी मैंने ही था."

मला वाटलं, आता कुणाची तरी मान खाली जाईल. मोनिका हळूच म्हणाली, "मॅम, निगेटिव्ह पॉइंट्स सेकंड राउंड में लेते हैं." दुसरी फेरी झालीच नाही, कारण पाहुण्यांचा मेल आला होता, मान्यता मिळाली होती, आणि केक मागवला होता.

बाहेर पडताना तुषार माझ्याजवळ आला. "काकू, खरं सांगू? मला त्याची नाडी बघायचं सुचलंच नाही. मी वाट बघत होतो, तुम्ही दाखवाल म्हणून." त्याचा चेहरा उतरला होता. पुढच्या आठवड्यात त्याने नवी केस लिहिली, 'गेटवर कोसळलेला सुरक्षारक्षक', आणि ती फार गाजली. मिस्टर शर्मांना घालायला म्हणून यादवजींचा जुना युनिफॉर्म मागवला गेला.

तो युनिफॉर्म द्यायला यादवजी स्वतः आले. धुवून, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी राजीनामा देऊन निघाले होते, फाटकातच भेट झाली. तोंडाला मफलर, डोळे अजून खोल. आम्ही टपरीवर चहा घेतला. पंप खिशात होता, त्यांनी न विचारताच थोपटून दाखवला.

मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. मॉनिटर लावलेला नव्हता, सिलिंडर रिकामा होता, नळी नव्हती, सुई नव्हती, जे जे दिलं म्हणत होते त्यातलं काहीच कुणी दिलं नव्हतं. माझं बोट कसं चाललं तेही सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. चिडायला हवं होतं. मी शिव्या खायच्या तयारीने बसले होते.

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "हम होश में थे मैडम जी. सब सुन रहे थे. ऑक्सिजन दिया, दवाई दिया, सुई दिया. इतने बड़े-बड़े डॉक्टर, सब दे रहे हैं. और हमसे एक साँस नहीं ली जा रही." थांबले, टपरीच्या बांबूला धरून दोन श्वास घेतले. "हमें लगा, खोट हमारे में ही है. हमने मन ही मन हाथ जोड़ लिए, कि साहब, माफ़ करना, आप लोगों की मेहनत बेकार जा रही है."